वाती-वस्त्रमाळांचा गृहोद्योग : दरमहाचे उद्दिष्ट कसे ठरवावे?

मुंबईच्या हार्बर रेल्वेमार्गावर रे रोड आणि शिवडी या दोन स्थानकांच्या मध्ये ‘कॉटन ग्रीन’ हे स्थानक आहे. ग्रीन म्हणजे मोकळे मैदान. मुंबईचा कापसाचा बाजार पूर्वी कोट भागात टाऊन हॉलसमोरच्या मैदानात भरत असे. १८४४ मध्ये तो कुलाब्याला गेला आणि विसाव्या शतकात शिवडीजवळच्या या भागात आला. कापूस बाजाराची इमारत येथे आजही उभी असून १९२१ साली स्थापन झालेल्या व्यापारी संघटनेचे, म्हणजे आजच्या कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाचे, कार्यालय याच इमारतीत आहे. वऱ्हाड-खानदेशातील कापसाशी या ठिकाणाचे नाते असे जुने आहे.

स्थानकाच्या पश्चिमेला काळाचौकी, लालबाग, परळ हा गिरणगावाचा भाग लागतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात येथील हजारो घरांतील पगार थांबले आणि घरातील बायकांनी खाणावळी, शिवणकाम, पापड-मसाले अशा हातच्या कामांवर संसार ओढले. याच भागातील बाजारात श्रावणापासून दिवाळीपर्यंत पूजासाहित्याची दुकाने भरलेली असतात. फुलवाती, समईच्या वाती आणि कापसाच्या वस्त्रमाळा यांची पाकिटे तेथे हातोहात जातात. कापूस आपल्या शेतातून जातो आणि वात होऊन शहरातील देवघरात पोचते. मधले काम हातांचे असते व ते गावातही होऊ शकते.

कापूस पट्ट्यातील अनेक महिला बचत गट हे काम करतात. परंतु बरेच गट एक-दोन हंगामांनंतर बंद पडतात. माल वाईट असतो असे नाही. किती माल, कोणत्या महिन्यात आणि कशासाठी करावयाचा हे ठरलेले नसते. गणपतीच्या तोंडावर माल कमी पडतो आणि दिवाळीनंतर घरात पडून राहतो. गटाचे पैसे त्यात अडकतात व घरात बोलणी खावी लागतात. म्हणून या लेखात महिन्याचे उद्दिष्ट ठरविण्याची सोपी पद्धत दिली आहे. पापड, लोणची, गोधडी, टोपल्या अशा इतर हातच्या उद्योगांनाही ती लागू पडते.

उद्योगाचे स्वरूप

या उद्योगास लागणारा कच्चा माल थोडा असतो. सरकी काढलेली, स्वच्छ व पिंजलेली रुई एवढेच मुख्य साहित्य. आखूड व जाडसर धाग्याचा देशी कापूस वातीसाठी चांगला चालतो. कवडी कापूस, पाला-काडी असलेला किंवा भिजलेला कापूस घेऊ नये. कृत्रिम धाग्याची भेसळ तर अजिबात नसावी, कारण अशी वात तेल-तूप नीट ओढत नाही व जळताना काजळी धरते.

फुलवातीसाठी रुईची लहानशी पुंजी तळहातावर पसरून मध्यभागी चिमटीत धरतात व वरच्या टोकाला पीळ देतात. समईची वात लांब वळतात. वस्त्रमाळेसाठी पेळू हलक्या हाताने लांबवून ठरावीक अंतरावर ओल्या बोटांनी चिमटा घेतात व त्या जागी कुंकू लावतात. कामाला वीज लागत नाही, मोठी जागा लागत नाही. वेळ मात्र भरपूर लागतो. या उद्योगातील खरे भांडवल म्हणजे हाताचे तास, ही गोष्ट पुढील हिशेब वाचताना लक्षात ठेवावी.

पहिली पायरी : आधी तास मोजावेत

“या महिन्यात पाच हजार रुपये मिळवू” असे उद्दिष्ट ठरवून चालत नाही. पैसे मिळणे हे दुकानदार, सण आणि पाऊस यांवर अवलंबून असते. किती तास काम करावयाचे आणि किती नग करावयाचे हे मात्र आपल्या हाती असते. म्हणून महिन्याचे उद्दिष्ट तासांपासून सुरू करावे.

शेतकरी कुटुंबातील स्त्रीचे तास वर्षभर सारखे नसतात. जूनमध्ये पेरणी-टोकणी, जुलै-ऑगस्टमध्ये खुरपणी आणि ऑक्टोबरपासून कापसाची वेचणी असते. याउलट फेब्रुवारी ते मे या काळात दुपारचा वेळ थोडा मोकळा मिळतो. म्हणजे माल करण्याचा काळ आणि विकण्याचा काळ वेगवेगळा आहे. गणपती ऐन खुरपणीत येतात आणि दिवाळी वेचणीत येते. जो गट ऑगस्टमध्ये वाती वळावयास बसतो त्याची ओढाताण ठरलेलीच असते.

उदाहरणादाखल पाच भगिनींचा गट घेऊ. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत प्रत्येकीने रोज ३ तास व महिन्यात २४ दिवस दिले तर एका महिन्यात ३६० तास होतात. पेरणी-खुरपणीच्या महिन्यांत रोज १ तास व २० दिवस धरले तर १०० तासच मिळतात. हे १०० तास माल करण्यासाठी न ठेवता पाकिटे भरणे, नमुने दाखविणे, माल पोचविणे व वसुली यांसाठी राखून ठेवावेत.

दुसरी पायरी : कामाचा वेग मोजावा

प्रत्येक भगिनीने घड्याळ लावून एक तास काम करावे व चांगल्या वाती मोजाव्यात. सैल, वाकड्या किंवा फार जाड वाती मोजणीत धरू नयेत. असे तीन वेगवेगळ्या दिवशी करून सरासरी काढावी. दुसऱ्या गावातील गटाचा आकडा आपला म्हणून घेऊ नये.

समजा सरासरी तासाला १२० फुलवाती होतात. ३६० तासांपैकी ६० तास साफसफाई, पाकिटे भरणे व हिशेब यांसाठी बाजूला काढावेत. राहिलेल्या ३०० तासांत ३६,००० वाती होतील. शंभर वातींचे एक पाकीट धरल्यास महिन्याचे उद्दिष्ट ३६० पाकिटे झाले. पाच जणींत वाटून प्रत्येकीच्या वाट्याला ७२ पाकिटे येतात व आठवड्याला साधारण १८. हा आकडा भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. आठवड्याचा आकडा दिसत असला म्हणजे महिनाअखेरीस धावपळ होत नाही.

तिसरी पायरी : तासाला किती उरते ते पाहावे

खालील दर व वजने हिशेब समजण्यापुरती घेतली आहेत. आपल्या भागातील प्रत्यक्ष आकडे त्या जागी घालावेत.

३६० पाकिटांचा हिशेब, सर्व माल दुकानदारास २५ रुपये दराने दिल्यास :

१) विक्री : ९,००० रुपये
२) रुई, पाकिटास १५ ग्रॅमप्रमाणे ५.४ किलो, दर ३०० रुपये : १,६२० रुपये
३) पिशवी व चिठ्ठी, पाकिटास २ रुपये : ७२० रुपये
४) प्रवास व वाहतूक : ६६० रुपये
५) एकूण खर्च : ३,००० रुपये
६) शिल्लक : ६,००० रुपये

वरवर पाहता ६,००० रुपये फायदा दिसतो. परंतु या शिल्लकेस ३६० तासांनी भागल्यास तासाला सुमारे १७ रुपये पडतात, म्हणजे तीन तासांच्या कामाचे ५० रुपये. हाताची मजुरी न धरता काढलेला फायदा हा फायदा नसून मजुरीच आहे, आणि तीही कमी.

आता त्याच ३६० पाकिटांपैकी १६० पाकिटे यात्रा, प्रदर्शन किंवा ओळखीच्या वसाहतीत थेट ग्राहकास ४० रुपयांस विकली व २०० पाकिटे दुकानदारास दिली असे समजू. विक्री ११,४०० रुपये होईल. फिरण्याचा खर्च वाढून १,१४० रुपये झाला तरी एकूण खर्च ३,४८० रुपये होतो व ७,९२० रुपये उरतात. म्हणजे तासाला २२ रुपये. विक्रीसाठी जादा तास लागले असतील तर तेही भागाकारात धरावेत.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. एक, शेतात रोजंदारीचे काम मिळत असेल त्या दिवशी ते सोडून वाती वळू नयेत. हा उद्योग रिकाम्या तासांचा आहे. दोन, फुलवाती, समईच्या वाती, वस्त्रमाळा आणि पूजेचा एकत्र संच यांचा तासाचा हिशेब वेगवेगळा काढावा. ज्या मालात तासाला जास्त उरते त्याचे तास पुढील महिन्यात वाढवावेत व ज्यात कमी उरते त्याचे कमी करावेत.

घरचा कापूस फुकट धरू नये

घरचा कापूस वापरल्यास खर्च शून्य असे अनेकजण समजतात. ते बरोबर नाही. सरकीसह कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते. ५.४ किलो रुईसाठी सुमारे १६ किलो कापूस लागेल. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलला ८,११० रुपये होती. त्या दराने १६ किलोंचे सुमारे १,३०० रुपये होतात. त्यात सरकी काढणे व पिंजणे यांचा खर्च मिळवून रुईची किंमत वहीत लिहावी.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. पाच भगिनी महिनाभर राबल्या तरी १६ किलोच कापूस लागतो. म्हणून हा उद्योग म्हणजे घरातील सर्व कापसाला जादा भाव मिळविण्याचा मार्ग नाही. जादा भाव मिळतो तो हाताच्या कामाला. त्यामुळे कापूस किती आहे यावरून उद्दिष्ट ठरवू नये.

चौथी पायरी : सणापासून मागे मोजावे

वातींची मागणी पंचांगाप्रमाणे चालते आणि आपली वही इंग्रजी महिन्यांप्रमाणे. यात मोठा घोटाळा होतो. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली. २०२६ ची तारीख १४ सप्टेंबर. २०२५ आणि २०२६ यांत १८ दिवसांचा फरक पडला. मागील वर्षीचा ऑगस्टचा आकडा तसाच उचलल्यास उद्दिष्ट चुकते. अधिक महिना आला की मागणीही बदलते. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. अधिक महिन्यात दीपदान करण्याची प्रथा असल्याने त्या काळात वाती लागतात.

म्हणून वर्षाच्या सुरुवातीस पंचांग समोर ठेवून श्रावण, हरितालिका-गणपती, नवरात्र, दिवाळी व त्रिपुरी पौर्णिमा यांच्या तारखा वहीत लिहाव्यात. त्रिपुरी पौर्णिमेस साडेसातशे वातींचा जुडगा लागतो, तो वेगळा बांधावा. मग प्रत्येक सणापासून पुढीलप्रमाणे मागे मोजावे.

१) सणापूर्वी चार आठवडे : माल दुकानात पोचलेला असावा.
२) सणापूर्वी आठ आठवडे : मागणी पक्की झालेली असावी.
३) सणापूर्वी अकरा-बारा आठवडे : नमुना व दर दाखविलेला असावा.
४) त्याआधीचे मोकळे महिने : माल तयार करावा.

१४ सप्टेंबरच्या सणासाठी हा हिशेब लावला तर नमुने जूनच्या चौथ्या आठवड्यात, मागणी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आणि माल ऑगस्टच्या मध्यात असा क्रम येतो. वळण्याचे काम मे अखेर संपलेले असावे.

पाचवी पायरी : अडकणारा पैसा ठरवावा

फेब्रुवारी ते मे असे चार महिने प्रत्येकी ३६० पाकिटांचा माल केल्यास १,४४० पाकिटे होतात. त्यांच्या रुईचेच ६,४८० रुपये पाच-सहा महिने अडकून राहतात. पिशव्या व चिठ्ठ्यांचे २,८८० रुपये मात्र जुलैपर्यंत अडकवू नयेत. वाती डब्यांत सुट्या ठेवाव्यात व मागणी आल्यावर पाकिटे भरावीत.

नव्या गटाने पहिल्या वर्षी एकाच महिन्याचा, म्हणजे वरील उदाहरणात ३६० पाकिटांचा माल करून पाहावा. जुन्या गटाने मागील वर्षी प्रत्यक्ष विकला गेला तेवढा माल आणि फार तर त्याचा चौथा हिस्सा जादा, एवढीच मर्यादा ठेवावी. उत्साहाच्या भरात केलेला माल पुढील पावसाळ्यात दमट होतो व पिवळा पडतो. कर्ज काढून साठा करू नये.

गिरगावातील पापडाचा धडा

मुंबईतील एका सुप्रसिद्ध उद्योगाची सुरुवात या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. हाच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड झाला. पहिल्या वर्षीची एकूण विक्री ६,१९६ रुपये होती, म्हणजे महिन्याला सरासरी ५१६ रुपये.

पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम बंद ठेवावे लागले. पुढील वर्षी त्यांनी एक खाट व एक शेगडी घेतली. पापड खाटेवर आणि शेगडी खाली ठेवून वाळवण सुरू राहिले. कोणत्या महिन्यात काम अडते हे पहिल्या वर्षी समजले आणि दुसऱ्या वर्षी त्याची तयारी आधी झाली. सुरुवातीस उत्तम व हलका असे दोन प्रकारचे पापड करण्याचा विचार होता. परंतु छगनलाल करमसी पारेख ऊर्फ छगनबाप्पा यांनी एकच चांगली प्रत ठेवण्याचा व हिशेब चोख ठेवण्याचा सल्ला दिला. सात संस्थापक भगिनींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली. आपल्या गटाने उद्दिष्ट गाठण्यासाठी वातीची प्रत कधीही उतरवू नये. आकडा कमी आला तर चालेल, सैल वात चालणार नाही.

पाचवी नंतरची शिस्त : एक वही, चार रकाने

महिन्याचे उद्दिष्ट लिहिण्यास शंभर पानी वही पुरेशी आहे. प्रत्येक महिन्यास एक पान द्यावे व त्यावर चार गोष्टींचे ‘ठरविले’ आणि ‘झाले’ असे दोन आकडे लिहावेत.

१) कामाचे तास.
२) तयार चांगला माल, नगांत.
३) किती दुकाने, मंडळे वा घरे यांना नमुना दाखविला.
४) हातात आलेली रोख रक्कम.

चौथा आकडा लिहिताना काळजी घ्यावी. शहरातील पूजासाहित्याचे व्यापारी पुष्कळदा माल जांगड ठेवून घेतात, म्हणजे विकला गेला तर पैसे, नाहीतर माल परत. जांगड दिलेला माल ही विक्री नव्हे, तो आपलाच साठा आहे. उधारी हीदेखील विक्रीची पूर्तता नव्हे. रोख, उधार आणि जांगड असे तीन वेगळे आकडे ठेवावेत व जांगड मालाच्या परतीची तारीख चिठ्ठीवर लिहून दुकानदाराची सही घ्यावी. नव्या दुकानास पहिल्या वेळी थोडाच माल जांगड द्यावा.

महिनाअखेरची बैठक

दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी गटाने अर्धा तास बसावे. ‘ठरविले’ आणि ‘झाले’ यांत फरक असल्यास कारण लिहावे. घरात आजारपण, शेतीचे काम, रुई उशिरा मिळणे, मागणी नसणे यांपैकी कोणते कारण ते स्पष्ट लिहावे. तास कमी मिळाले असतील तर पुढील महिन्याचे उद्दिष्ट कमी करावे. राहिलेला सर्व आकडा पुढच्या महिन्यावर चढवू नये, त्यामुळे आकडा फुगतो व कोणीही वही उघडत नाही. तास मिळूनही माल कमी झाला असेल तर रुई किंवा पिंजाई तपासावी. माल झाला पण पैसे आले नाहीत तर पुढील महिन्यात नवा माल न करता तास वसुलीस व नव्या गिऱ्हाइकास द्यावेत.

एखादी भगिनी मागे पडली तर सर्वांसमोर तिला बोल लावू नये. तिचे तास किती होते ते आधी पाहावे. मजुरी नगावर वाटावी व वहीतील आकडे सर्वांना वाचून दाखवावेत.

घ्यावयाची दक्षता

१) “यंत्र विकत घ्या, तयार वाती आम्हीच परत घेऊ” अशा जाहिरातींना भुलून पैसे भरू नयेत. माल प्रत्यक्ष परत घेतला गेलेल्या दोन-तीन जणांना भेटून, लेखी करार पाहूनच निर्णय घ्यावा.
२) रुई व तयार वाती झाकणाच्या कोरड्या डब्यात, जमिनीपासून उंच व चुलीपासून दूर ठेवाव्यात. कापूस लवकर पेट घेतो.
३) पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, नगांची संख्या, किंमत व पाकीट भरल्याचा महिना-वर्ष छापावे. शंभर लिहिल्यास शंभरच वाती भराव्यात.
४) प्रदर्शन व विक्रीच्या माहितीसाठी ‘उमेद’ अभियानाच्या तालुका कार्यालयाशी किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयाशी संपर्क साधावा.

शेतकरी भगिनींनो, पेरणीच्या आधी आपण बियाणे, बैल आणि मजूर यांचा अंदाज घेतो. वातींच्या कामाचाही तसाच अंदाज घ्यावा. येत्या महिन्याच्या पहिल्या दिवशी वहीचे एक पान आखावे, एका तासात आपल्या किती वाती होतात ते मोजावे आणि त्यावरून एका महिन्याचेच उद्दिष्ट लिहावे. तीन महिने ही नोंद नियमित ठेवल्यास हा उद्योग आपल्या घरास परवडतो किंवा नाही हे आपले आपणासच समजेल, आणि परवडत असल्यास कोणत्या महिन्यात किती हात लावावा हेही कळेल.